टायरच्या दुकानातली चार वर्षं आणि तुझी आठ

मेधा,

तुझ्या जागी आलेल्या पोराने पहिल्याच आठवड्यात कोडीची टायरच्या दुकानातली चार वर्षं पुसून टाकली. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता. सकाळी चहा घेताना मी कॉलेजच्या वेबसाइटवर बेसबॉल टीमचं पान उघडलं. मॅचच्या दिवशी तू उघडायला लावायचीस, ती सवय अजून हातात आहे. पाहतो तर सगळे कोच चकाचक. चहा तसाच सिंकमध्ये ओतला. मला किळस आली आणि ती अजून गेलेली नाही. हे जे लिहितोय ते त्या किळसेपायीच लिहितोय. डोळे पुसायला लावणारं काही हवं असेल तर महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढिगाने पडलंय.

लोक मला विचारायचे, वहिनी नेमकं काय करतात? मी सांगायचो, आपल्या अल्फारेटापासून तासाभरावर एक कॉलेज आहे. तिथल्या बेसबॉल टीमच्या बातम्या, आकडे आणि कोच लोकांच्या ओळखी ती लिहिते. ऐकणारा 'अच्छा' म्हणून समोशाकडे वळायचा. मलाही सुरुवातीला त्यात फार काही वाटलं नव्हतं. कोचचा एक हसरा फोटो, खाली कुठे खेळला, कुठे शिकवलं, बायकोचं नाव, मुलांची नावं, कुत्र्याचंही नाव. कुठल्याही कॉलेजचं पान उघड, सगळे एका साच्यातले. सगळ्यांना खेळाचं वेड, सगळे तरुणांना घडवणारे, आणि कोणीही एक दिवस रिकामा बसलेला नाही.

तुझं तसं नव्हतं. पुण्यात पेपरच्या क्रीडा पानावर तू कबड्डी आणि खो-खो सांभाळलेलं. आपल्याकडे कबड्डीवाल्याच्या नावामागे त्याची नोकरी लागतेच. हा बँकेचा, तो रेल्वेचा, तो पोलीसमधला. पोट कशावर चालतं हे कळल्याशिवाय खेळाडूची ओळख पुरी होत नाही. तोच प्रश्न तू जॉर्जियातल्या या धिप्पाड गोऱ्या माणसांना विचारलास. बेसबॉल नव्हतं तेव्हा काय करत होता? त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. कोणी लाजलं, कोणी चिडलं, आणि मग एकेक जण बोलायला लागला.

कोडी म्हणजे पिचिंग कोच, बॉल टाकणाऱ्यांना शिकवणारा. खांद्याचं ऑपरेशन झालं, खेळणं संपलं, मग चार वर्षं गावातल्या टायरच्या दुकानात चाकं बदलत होता. तू ते नुसतं लिहिलं नाहीस, त्याच्या जुन्या मालकाला फोन करून विचारलंस की हा कामाला कसा होता. मालक म्हणाला, नट कधी ढिला सोडला नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलायला पाठवला की परत यायचा नाही. तेही तू घातलंस. आता तिथे लिहिलंय की खेळातून निवृत्त झाल्यावर कोडीने विविध क्षेत्रांत आपला अनुभव समृद्ध केला. विविध क्षेत्रं म्हणे. टायरला टायर म्हणताना यांच्या जिभेला काय होतं, देव जाणे.

बॅटिंग शिकवणाऱ्याचीही तीच गत. दोन वर्षं तो व्हॉलंटियर कोच होता, म्हणजे काम पूर्ण आणि पगार शून्य. सकाळी लोकांची घरं रंगवायचा आणि दुपारी नखांत रंग घेऊन मैदानावर यायचा. पानावरून तो रंगही आता खरवडून काढलाय. आणि हेड कोच डग तर आता थेट 'माजी व्यावसायिक खेळाडू' झालाय.

डगचं प्रकरण मला पाठ आहे. सगळ्यात खालच्या लीगमध्ये तो एकच उन्हाळा खेळला आणि सीझन संपायच्या आत त्याला घरी पाठवलं. तू अगदी तसंच लिहिलंस. तो तुझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मेधा, हे लोकांना कशाला कळायला हवं?" तू मान वर न करता म्हणालीस, "कोच, तुमच्याबद्दल तेवढंच वाचण्यासारखं आहे." घरी येऊन मला हे सांगताना तुला इतकं हसू आलं होतं की पोळी करपली. डग दोन आठवडे तुझ्याशी बोलला नाही. पुढे मात्र मुलांच्या आईबापांना तो स्वतःच सांगायला लागला की मलाही एकदा घरी पाठवलं होतं. आणि आता तू नाहीस म्हटल्यावर महिनाभरात परत व्यावसायिक खेळाडू. मांजर गेलं की उंदीर नाचतात ते असं.

तुला माहीत आहे, मला या लोकांची आधीपासूनच घाण वाटायची. खेळाचा राग नाही. खेळ नुसता लांबट आहे. पण ते थुंकणं. मैदानाच्या कडेला टीम बसते ती खड्ड्यासारखी जागा, डगआउट. तिथे सूर्यफुलाच्या बिया गालात कोंबायच्या, दातांनी फोडायच्या आणि टरफलं फू करून पायाशी. मुलं थुंकतात, कोच थुंकतात, बोलता बोलता थुंकतात, विचार करताना थुंकतात. नागपूरच्या बसस्टँडवर भिंती रंगवणारा निदान कोपरा तरी शोधतो. तू मला पहिल्यांदा घेऊन गेलीस तेव्हा मी नऊ इनिंग ती फरशी बघत होतो. तू म्हणालीस, "अरे, तू थुंकीच बघ. तुला तेवढंच दिसणार." मी म्हटलं, तू यांच्यावर लिहितेस, निदान एक बादली आणि फिनेलबद्दलही लिही. तू मला बडीशेपेची डबी दिलीस आणि गप्प केलंस.

तरी एक गोष्ट कबूल. तुझं लिहिलेलं तू मला आधी ऐकवायचीस. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस, चुका शोधून पोट भरतो, म्हणून. संध्याकाळी जेवणाआधी तू वाचायचीस आणि मी डोळे मिटून ऐकायचो. तुला वाटायचं मी डुलक्या काढतोय. मेधा, कोडीची ओळख मला पाठ आहे. ती टायरची चार वाक्यं मी आजही घडाघडा म्हणू शकतो. माणसाला मधल्या काळात काय काय करावं लागतं आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही, हे मी तुझ्याकडून शिकलो, त्या थुंकणाऱ्यांच्या निमित्ताने. हे तुला सांगायचं राहिलं.

तू गेल्यावर डग घरी आला होता. बूट घालून थेट हॉलमध्ये, तुझ्या फोटोसमोर. हातात लझान्याचा ट्रे, आत बीफ. तू त्याला हजारदा सांगितलं असशील की आमच्या घरी चालत नाही. म्हणाला, "शी वॉज द हार्टबीट ऑफ धिस प्रोग्रॅम." टीमला हे लोक प्रोग्रॅम म्हणतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसले. डोळे खरेच ओले होते, तेवढं मी अमान्य करत नाही. त्याच्याच सहीने कोचची पानं बदलली होती, तेही खरं. तो गेल्यावर मी लझान्या फेकला आणि ट्रे दोनदा घासला.

तुझं सामान आणायला मी कॉलेजात गेलो. एसीत पांघरायची शाल, चहाचा मग, बडीशेप. तुझ्या खुर्चीवरचा ब्रेडन भला पोरगा आहे, त्यामुळे जास्तच राग आला. मी कोडीच्या पानाबद्दल विचारलं तर हसून म्हणाला, "ओह, आम्ही फक्त क्लीन-अप केलं, संजय. सगळ्यांचा टोन एकसारखा हवा ना." क्लीन-अप हा शब्द त्या इमारतीत कोणी उच्चारावा? खाली डगआउटची फरशी जाऊन बघ म्हणावंसं वाटलं. मी शाल काखेत मारली आणि निघालो. दारापर्यंत आलो तर त्याने मागून हाक मारली. आम्ही मेधाचं पान करतोय, मॅचच्या आधी लाउडस्पीकरवर वाचणारही आहोत, मसुदा पाठवतो, बघून घ्या.

तो मसुदा आला. पुण्यातल्या पत्रकारितेतल्या देदीप्यमान कारकिर्दीनंतर मेधा अमेरिकेत आली, कुटुंबासाठी काही काळ थांबली आणि मग आपल्या स्वप्नाकडे वळली.

थांबली. जणू तू बसस्टॉपवर उभी होतीस.

त्याच आठवड्यात शनिवारी मंडळाने तुझी शोकसभा ठेवली होती. कम्युनिटी हॉल, मागे चहाचा थर्मास, पुढे तुझा फोटो आणि त्याला प्लास्टिकचा हार. एक काकू माइकवर म्हणाल्या, "मेधाने आठ वर्षं संसाराला वाहून घेतलं आणि मगच करिअरचा विचार केला, आजकालच्या मुलींनी शिकण्यासारखं आहे." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. एक कॉलेजवाले, एक आपले. एकमेकांना ओळखतही नाहीत, पण खोटं बघ कसं जुळवून बोलले.

वाहून बिहून काही घेतलं नव्हतंस. तू माझ्या व्हिसावर आलीस, डिपेंडंट म्हणून. राहा, खा, गाडी चालव, पण पगाराचं काम करायचं नाही. ग्रीन कार्ड यायला आठ वर्षं लागली. तोपर्यंत पुण्यातल्या पेपरचे लोक तुला विसरले. अपार्टमेंटच्या मागे एक मैदान होतं. ईशाला स्ट्रोलरमध्ये घालून तू तिथे जाऊन बसायचीस, कारण जायला दुसरी जागा नव्हती. तिथे शाळेची टीम बेसबॉल खेळायची. कोणी समजावून सांगितलं नाही, तू बघून बघून नियम शिकलीस. शाळेच्या कोचला स्कोअर लिहायला माणूस नव्हता. तू लिहायला लागलीस, फुकट, कारण फुकट चालत होतं. पुढे कॉलेजने तुला घेतलं ते त्या शाळेच्या कोचने नाव सुचवलं म्हणून. तुझं सगळं काही त्या मैदानातून निघालं.

आणि हेच तू कधी लिहिलं नाहीस. ऑफिसच्या माणसांच्या ओळखी मागितल्या तेव्हा तू स्वतःच्या तीन ओळी लिहिल्यास. पुण्याचा पेपर, जॉर्जियात आली, मग एकदम हे कॉलेज. त्या संध्याकाळी तू मेथी निवडत होतीस आणि मी ते वाचून म्हटलं, आठ वर्षं कुठे गेली? सगळ्या जगाची मधली वर्षं उकरून काढतेस आणि तुझी गायब? कोडीची टायरची चालतात, तुझी नाही चालत?

तुझा हात थांबला. "कोडीला टायरच्या दुकानात पगार मिळत होता," तू म्हणालीस. "ज्याने घरं रंगवली, त्याने फुकट काम हौसेने केलं. मला मनाई होती, संजय. मनाईला कोणी बॅकग्राउंड म्हणतं का?"

"मग लपवायची कशाला?"

"लपवत नाहीये. माझी म्हणत नाहीये. ती वर्षं मनाई करणाऱ्यांची आहेत. त्यांनी लिहावीत."

मला राग आला होता. तू जो नियम डगला लावलास तो स्वतःला लावत नव्हतीस, असं मला वाटलं, आणि अजूनही अर्धंमुर्धं वाटतं. आपण हा वाद किती वेळा घातला. हॉस्पिटलमध्येसुद्धा घातला. तू म्हणालीस, "माझं काही लिहायला बसू नकोस हं तू." मी म्हटलं, "मग कोण लिहिणार?" तू उत्तर द्यायच्या आत नर्स सलाइन बदलायला आली आणि तुला झोप लागली. त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. ते उत्तर माझं राहिलंय तुझ्याकडे.

ब्रेडनचा मसुदा आला तेव्हा ईशा घरी होती. अ‍ॅशबर्नहून तिच्या घरून आली होती, तुझी कपाटं आवरायला. तिला वाचून दाखवला. म्हणाली, "बाबा, इट्स फाइन. जस्ट साइन ऑफ." मी म्हटलं, यात धडधडीत खोटं आहे, मी खरं काय ते लिहिणार, मैदान, स्ट्रोलर, फुकटचा स्कोअर, सगळं. कोडीचं लिहिलं तसं. ती तुझी निळी साडी घडी घालत होती. साडी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "आई हेटेड दोज इयर्स. मी तिथे होते. यू वर अ‍ॅट वर्क. इट्स नॉट युअर्स टू टेल, बाबा." मी म्हटलं, म्हणजे 'कुटुंबासाठी थांबली' हे छापू द्यायचं? तू म्हणजे ते कुटुंब. तुझ्यासाठी थांबली असं लिहितायत, चालेल तुला? ती रडायला लागली. "नो," म्हणाली. "नाही चालणार."

दोन दिवस मी कागद घेऊन बसलो. खरं लिहिलं तर तुझं ऐकलं नाही असं होत होतं. नाही लिहिलं तर त्या काकू आणि तो ब्रेडन जिंकत होते. तुझा खूप राग आला. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू मला नियमही दिलास आणि मनाईही केलीस, आणि निघून गेलीस. शेवटी टेस्टिंगवाल्याला जे जमतं ते केलं. विशेषणं सगळी काढली. थांबली, वळली, स्वप्न, सगळं खोडलं. राहिली ती तुझीच तीन वाक्यं. फक्त प्रत्येकाच्या पुढे साल घातलं. पुण्याच्या पेपरमध्ये या सालापासून या सालापर्यंत. जॉर्जियात आली, हे साल. अमेरिकेतली पहिली नोकरी, हे कॉलेज, हे साल. मधे एक शब्द नाही. वजाबाकी ज्याला करायची त्याने करावी.

ब्रेडनचा फोन आला. "संजय, इथे मोठी गॅप दिसतेय. लोक वंडर करतील."

"करू देत."

"काहीतरी एक ओळ घालूया का? ट्रॅव्हल किंवा फॅमिली..."

मी म्हटलं, एक अक्षर घातलंस तर तिचं नाव वापरायची परवानगी नाही. इंग्रजीत म्हटलं, पण मराठीतला सूर लागला असावा. त्याने फोन ठेवला आणि जसंच्या तसं घेतलं.

परवा मॅच होती. ईशा आणि मी गेलो. गेटवरच कोडी उभा, गाल बियांनी फुगलेला. त्याने मला बाजूला घेतलं. "त्यांनी माझे टायर काढले, बघितलं का? माझ्या जुन्या बॉसने मेधाने लिहिलेलं ते पान प्रिंट करून दुकानात काउंटरमागे लावलंय. त्याला आता मी काय सांगू?" तो भांडून आला होता. भांडणाचा परिणाम असा की 'विविध क्षेत्रां'चं 'ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री' झालंय. "टायर," कोडी म्हणाला. "साधा शब्द आहे." मग शेजारच्या गवतावर थुंकला. मेधा, आयुष्यात पहिल्यांदा मला त्या थुंकण्याचं काही वाटलं नाही.

मॅचच्या आधी सगळ्यांना उभं केलं. टीम डगआउटसमोर रांगेत, डगने टोपी छातीशी धरलेली. लाउडस्पीकरवर वाचणारा तो म्हातारा अनाउन्सर, ज्याच्या शेजारी बसून तू इतकी वर्षं स्कोअर लिहिलास, तो वाचायला लागला. तुझं नाव त्याने बरोबर उच्चारलं. पुणे. पेपर. जॉर्जियात आली ते साल. आणि तिथे तो थांबला. त्याला वाटलं असावं की एखादी ओळ छापायची राहिलीय. कागद उलटल्याचा आवाज माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू आला. मागची बाजू कोरी. मग पुढची बाजू परत. कोणी हललं नाही. ईशाने माझा हात धरला. मला वाटतं त्याने तिथे उभ्या उभ्या वजाबाकी केली, कारण तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "फर्स्ट जॉब इन अमेरिका," त्याने वाचलं, आणि पुढचं साल अगदी सावकाश.

तेवढा वेळ मी सवयीने डगआउटकडेच बघत होतो. रांगेतला एकही जण थुंकला नाही. कोडी गाल भरलेला ठेवून, तोंड घट्ट मिटून उभा होता.

मग मॅच सुरू झाली आणि सगळे परत थुंकायला लागले.